डॉक्टर घडवणाऱ्या शिक्षकांनी शिकायचे कसे?

प्राथमिक शाळेत शिकवायचे तर डी.एड. लागते, माध्यमिक शाळेत बी.एड. लागते. विद्यापीठात शिकवण्यासाठी मात्र विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा पीएच.डी. पुरेशी ठरते. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतील काही प्रश्न सोडले, तर वर्गात उभे कसे राहायचे, प्रश्न कसा विचारायचा, उत्तरपत्रिका नेमकी कशासाठी तपासायची, हे भावी प्राध्यापकाला कोणी विचारत नाही आणि शिकवतही नाही. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, असे गृहीत धरूनच आपली उच्च शिक्षण व्यवस्था उभी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत हे गृहीतक सर्वाधिक ताणले जाते. तेथील शिक्षक हा मुळात डॉक्टर असतो. शस्त्रक्रियेत त्याचा हात बसलेला असतो, परंतु दहा विद्यार्थ्यांना एकाच खाटेभोवती उभे करून काय आणि कसे दाखवायचे, हे तो आपल्या वरिष्ठांकडे पाहून जमेल तसे उचलत आलेला असतो.

ही उणीव धोरणकर्त्यांच्या लक्षात आली नव्हती, असे नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३पासून ती मालवीय मिशनच्या छत्राखाली आली. पाट्या बदलल्या, तरी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर या दोन शब्दांशी प्राध्यापकांच्या मनात जोडला गेलेला अर्थ फारसा बदलला नाही. हा अभ्यासक्रम केला नाही तर बढती अडते, म्हणून तो करायचा, असेच अनेकजण मानतात. वैद्यकीय शिक्षणात मात्र गेल्या काही वर्षांत असे बदल झाले, की शिक्षकाने नव्याने शिकल्यावाचून वर्गच चालू नये. हे बदल जवळून पाहायचे तर वर्धा जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

वर्धा शहराच्या एका बाजूला सेवाग्राम, तर दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे). सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. ग्रामीण भारतासाठी डॉक्टर तयार करणे हाच त्यामागचा हेतू होता. सावंगीचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९०मधले. आज ते एका अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. एक संस्था गांधीविचारांच्या मुशीतून आलेली, तर दुसरी खासगी शिक्षणसंस्थांच्या विस्ताराच्या काळातली. दोघींचा पिंड वेगळा, पण २०१९मध्ये दोघींपुढे एकच प्रश्न उभा राहिला.

त्या वर्षी भारतीय वैद्यकीय परिषदेने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला. जुन्या अभ्यासक्रमाचा प्रश्न साधा होता: विद्यार्थ्याला काय माहीत आहे? नवा अभ्यासक्रम विचारतो, विद्यार्थ्याला काय करता येते? अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९०मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची कल्पना त्यामागे आहे. सर्वांत खाली ‘माहीत असणे’, त्यावर ‘कसे करायचे ते माहीत असणे’, मग ‘करून दाखवणे’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष कामात करणे’. रक्तदाबाचेच उदाहरण घेऊ. रक्तदाब म्हणजे काय, हे लिहिता येणे ही पहिली पायरी. यंत्राचा पट्टा दंडावर कोठे आणि किती घट्ट बांधायचा, हे सांगता येणे ही दुसरी. शिक्षकासमोर तो बांधून मोजून दाखवणे ही तिसरी. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, घाबरलेल्या वृद्धेचा रक्तदाब नीट मोजून तो पुन्हा मोजायला हवा का, याचा निर्णय घेणे ही चौथी. पहिल्या दोन पायऱ्या लेखी परीक्षेत तपासता येतात. उरलेल्या दोन तपासायच्या तर शिक्षकाला विद्यार्थ्याच्या शेजारी उभे राहून पाहावे लागते.

शिक्षकाची भूमिका बदलते ती येथेच. शंभर-दीडशे विद्यार्थ्यांना तासभर व्याख्यान देणे ही एक कला आहे आणि तिच्यात वाकबगार असलेले प्राध्यापक प्रत्येक महाविद्यालयात असतात. पण एकेका विद्यार्थ्याला काम करताना न्याहाळणे, त्याचे कोठे चुकले हे त्याचा पाणउतारा न करता सांगणे, त्याची नोंद ठेवणे आणि तो पुन्हा करील तेव्हा पुन्हा पाहणे, ही सर्वस्वी निराळी कामे आहेत. ‘तुला एवढेही येत नाही?’ हा राउंडवरचा परंपरागत प्रश्न येथे कामाला येत नाही.

या कामांसाठी शिक्षकांना तयार करण्याची यंत्रणा आधीच आकाराला येत होती. वैद्यकीय परिषदेने २००९ साली देशातील निवडक महाविद्यालयांत शिक्षक-प्रशिक्षणाची प्रादेशिक केंद्रे नेमली. पुढे नोडल केंद्रांची त्यात भर पडली आणि त्यांपैकी एक सावंगीला होते. या केंद्रांतून चालणारा पायाभूत अभ्यासक्रम जेमतेम तीन दिवसांचा. गटात शिकणे कसे घडते, उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत कसे लिहावे, बहुपर्यायी प्रश्न दुबळा का ठरतो, असे विषय त्यात असतात. त्यातील सर्वांत अवघड भाग बहुधा सूक्ष्म अध्यापनाचा. ज्येष्ठ प्राध्यापकाने सहकाऱ्यांपुढे काही मिनिटे शिकवायचे आणि नंतर, कदाचित वयाने लहान असलेल्या सहकाऱ्याकडून, आपले शिकवणे कसे झाले ते ऐकून घ्यायचे. वीस वर्षे वर्ग गाजवलेल्या माणसाला हे सोपे नाही! प्रगत अभ्यासक्रम सुमारे वर्षभर चालतो. त्यात शिक्षकाला आपल्याच विभागात एखादा शैक्षणिक प्रकल्प राबवून त्याचे फलित मांडावे लागते. गुण येतो तो बहुतेक याच दुसऱ्या प्रकारातून, कारण त्यात शिकलेले वापरून पाहण्याची सक्ती असते.

अशा प्रशिक्षणांत सांगितली जाणारी एक साधी पद्धत नमुन्यादाखल पाहण्याजोगी आहे. १९९२मध्ये अमेरिकेतील काही कुटुंबवैद्यक शिक्षकांनी ती मांडली. विद्यार्थ्याने रुग्णाची हकिगत सांगितली, की शिक्षकाने लगेच निदान सांगून मोकळे व्हायचे नाही. आधी विचारायचे, ‘तुला काय वाटते?’ मग, ‘कशावरून?’ त्यानंतर एकच सर्वसाधारण नियम सांगायचा, जे बरोबर केले ते नेमकेपणाने दाखवायचे आणि जे चुकले ते सुधारायचे. एवढे सगळे काही मिनिटांत होते. ज्याच्या बाह्यरुग्ण विभागापुढे रांग लागली आहे, त्या डॉक्टरलाही ते जमू शकते. यात नवे काहीच नाही, असे एखादा जुना शिक्षक म्हणेल. खरे आहे. मात्र ‘तुला काय वाटते?’ हा प्रश्न आपल्या वॉर्डांतून किती वेळा ऐकू येतो, हे त्यानेच सांगावे.

सेवाग्रामची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे गावाचाच वर्ग करण्याची रीत फार जुनी. नवागत विद्यार्थ्यांचे पंधरा दिवसांचे शिबिर गांधीजींच्या आश्रमात होते. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी विद्यार्थी पंधरा दिवस त्या गावात मुक्काम करतात आणि वाटून दिलेल्या कुटुंबांशी ओळख करून घेतात. सामुदायिक वैद्यक विभागाचे शिक्षक त्यांच्याबरोबर असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरातील महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणला, तेव्हा अनेक शहरी महाविद्यालयांत गाव शोधण्यापासून सुरुवात करावी लागली. सेवाग्रामला ती वाट पायाखालची होती.

पण तेथलाही वर्ग बदलला आहे. ‘नीट’ लागू होण्यापूर्वी सेवाग्रामच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. आपण कोठे चाललो आहोत, याची निदान पुस्तकी कल्पना घेऊन विद्यार्थी येत. आता गुणवत्ता यादीतील क्रमांक जेथे नेईल तेथे विद्यार्थी जातो. देशाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या मुलीला ‘पोट दुखून राह्यलं’ हे वऱ्हाडी वाक्य कळायला हवे आणि ते म्हणणाऱ्या बाईला ही पोरगी आपले ऐकते आहे, असे वाटायला हवे. नव्या अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचे तास आहेत, संवाद आणि वैद्यकीय नीती यांचे स्वतंत्र पाठ आहेत. ते घ्यायचे कोणी? शरीररचनाशास्त्राच्या किंवा औषधशास्त्राच्या ज्या प्राध्यापकाला आयुष्यात कोणी ‘संवाद’ शिकवला नाही, त्यानेच. म्हणूनच शिक्षकाचे प्रशिक्षण ही येथे शोभेची बाब राहत नाही. शिक्षक तयार नसेल, तर तो तास वेळापत्रकात राहतो आणि रुग्णाशी बोलणे मात्र पूर्वीसारखेच तुसडे राहते.

प्रशिक्षणाला किती वेळ द्यावा, याबाबत वर्ध्याच्याच इतिहासात एक दाखला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्या ठरावांना अनुसरून डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची ‘वर्धा योजना’ तयार केली. ती योजना शाळांसाठी होती. तरीही समितीने शिक्षकांच्या तयारीसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आखला आणि निकड म्हणून एक वर्षाचा लघु अभ्यासक्रम सुचवला. हस्तोद्योगातून गणित शिकवायचे, तर शिक्षकाला आधी तो उद्योग यायला हवा आणि त्याला वेळ लागतो, हे त्यांनी मान्य केले होते. रुग्णाच्या खाटेजवळ क्षमता घडवू पाहणाऱ्या आजच्या अभ्यासक्रमाने मात्र आरंभाला तीन दिवस पुरेसे मानले आहेत. डॉक्टर-शिक्षकाला तीन वर्षे मोकळीक देणे अशक्यच आहे. मात्र तीन दिवस आणि तीन वर्षे यांच्यामध्ये बरेच काही करता येण्याजोगे आहे.

आज पायाभूत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र बढतीच्या अटींत समाविष्ट आहे. त्यामुळे कार्यशाळांना गर्दी होते आणि समारोपाला भरून घेतलेल्या अभिप्रायांत सर्वांनाच कार्यशाळा उत्तम वाटते. प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये चार स्तर सांगितले होते: शिकणाऱ्याला ते आवडले का, तो काही शिकला का, त्याचे वागणे बदलले का आणि त्याचा परिणाम दिसला का. आपले अभिप्राय-अर्ज पहिल्या स्तरावर थांबतात. प्रशिक्षण घेऊन परतलेल्या शिक्षकाच्या वर्गात सहा महिन्यांनी कोणी जाऊन बसले का, याची विचारपूस क्वचितच होते.

शिक्षकांच्या अडचणीही खोट्या नाहीत. त्याच प्राध्यापकाला रुग्ण तपासायचे असतात, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहायचे असतात, तपासणी पथकासाठी कागद जमवायचे असतात. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर प्रत्येक कौशल्यासाठी सही करायची. वेळ नसला, की सत्राच्या अखेरीस पन्नास नोंदवह्यांवर एका बैठकीत सह्या होतात आणि ज्यासाठी हा खटाटोप मांडला, ते पाहणे तेवढे राहून जाते. दुसरीकडे विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल आहे. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी तयार केलेली उत्तम व्याख्याने त्याला वसतिगृहाच्या खोलीत मिळतात. माहिती सांगण्याच्या स्पर्धेत वर्गातला प्राध्यापक ही शर्यत हरल्यातच जमा आहे. मोबाइलला विद्यार्थ्याचा हात पोटावर कोठे चुकतो ते दिसत नाही. शिक्षकाला दिसते, पण त्यासाठी तो खाटेजवळ असायला हवा.

काही गोष्टी तर महाविद्यालयाच्या पातळीवर, दिल्लीहून परिपत्रक येण्याची वाट न पाहताही करता येतील. विभागातील दोन सहकाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसावे. प्रशिक्षित शिक्षकाने पहिल्या वर्षी एकच कौशल्य निवडून ते नीट पाहावे, शंभर नको. नव्याने रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकाला तीन दिवसांच्या कार्यशाळेनंतर वर्षभर एक ज्येष्ठ मार्गदर्शक असावा आणि त्या ज्येष्ठाचा हा वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरला जावा. बढतीच्या अर्जात शोधनिबंधांसाठी रकाना असतो, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रासाठीही असतो. विद्यार्थ्याजवळ उभे राहून घालवलेल्या तासांसाठी तेथे अद्याप रकाना नाही.