बोरीच्या प्रवाहात उभा पाणी महाल

तुळजापूरला भवानीचं दर्शन घेऊन सोलापूरला परतणारे हजारो भाविक दरवर्षी नळदुर्गला बगल देऊन जातात. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा हा किल्ला तुळजापूर तालुक्यातच आहे. पावसाळ्यात मात्र चित्र पालटतं. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की बातमी गावोगाव पोचते: ‘नर-मादी सुरू झाले!’ मग गाड्यांची रांग लागते. लोक धबधबा पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. ज्या भिंतीवरून ते पाणी कोसळतं, ती मुळात कशासाठी बांधली होती हे समजून घ्यायला थोडं थांबावं लागतं. तेवढा वेळ काढावा अशीच ही वास्तू आहे.

भिंत म्हणजे बोरी नदीवरचं दगडी धरण. एका टोकाला नळदुर्गचा मुख्य किल्ला, दुसऱ्या टोकाला रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला. नदी या दोघांच्या मधून वाहते. भिंतीच्या माथ्यावरून चालत एका किल्ल्यातून दुसऱ्यात जाता येतं, म्हणजे धरण हाच पूल. अडलेलं पाणी तटाखाली साचतं, म्हणजे तोच खंदक. आणि वेढा पडला तर पिण्याच्या पाण्याची ददात नाही. एकाच बांधकामाकडून अशी तीन कामं करून घेणारा तो स्थपती फार मोठ्या बुद्धीचा असला पाहिजे.

पण त्याच्याही आधी काम करून ठेवलं होतं ते दगडाने. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, झाला. हे थर एकसारखे नसतात. काही घट्ट, कठीण आणि उभ्या भेगांचे; काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले, ज्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरले. सच्छिद्र थर लवकर झिजतो. घट्ट थर झिजायला दाद देत नाही, पण पायाखालचा आधार गेला की उभ्या भेगांवरून तुटतो आणि कडा सरळसोट राहतो. बोरीने पठार कापत नेलं आणि पठाराचा एक सपाट तुकडा खोऱ्यात पुढे घुसल्यासारखा उरला. नदीच्या अंगाला ताशीव कडे असल्याने तिथे तटाला फारसे कष्ट पडले नाहीत. पठाराला जोडलेली बाजू तेवढी उघडी होती. तिथेच माणसाला खरी मेहनत करावी लागली. बुरूज रचायचा दगडही तोच. किल्ला जणू आपल्याच खडकातून वर आला आहे.

असं ठिकाण सत्तेच्या नजरेतून सुटणार कसं? कल्याणीचे चालुक्य, मग बहमनी, मग विजापूरची आदिलशाही अशी मालकी बदलत गेली. आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यात सोलापूरचा प्रदेश म्हणजे कायमची ठसठस होती. १५२४ साली आदिलशाही घराण्यातली मुलगी निजामशाहीत दिली, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं. ते दिलं गेलं नाही आणि पुढच्या कित्येक लढायांना हे एकच कारण पुरलं. परंडा, सोलापूर, नळदुर्ग, कल्याणी ही सगळी ठाणी या ओढाताणीत सापडली.

१५८० साली अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर आला त्याचा पुतण्या इब्राहिम, वय नऊ वर्षांचं. कारभार अलीची बेगम चांदबिबी हिच्या हाती. शेजाऱ्यांना ही संधी वाटली. निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी मिळून नळदुर्गला वेढा दिला, तोफा डागल्या, पण किल्ला पडला नाही. पुढे हाच इब्राहिम संगीतात रमणारा, ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा सुलतान म्हणून नावाजला. आणि त्याच्याच कारकिर्दीत, हिजरी १०२२ म्हणजे १६१३ साली, बोरीवर हे धरण उभं राहिलं. साल तिथल्या फारसी शिलालेखात आहे. लहानपणी ज्या किल्ल्याने राज्य तगवलं, त्यालाच या राजाने पाण्याचं चिलखत चढवलं. या धरणाकडे निव्वळ विलासाची हौस म्हणून पाहणं त्यामुळे पटत नाही.

विलास आहे, तो भिंतीच्या पोटात. माथ्यावरून जिना आत उतरतो. खाली नक्षीदार खोली, सज्जा आणि कमानींच्या खिडक्या; हाच पाणी महाल. या खिडक्या धरणाच्या खालच्या अंगाला उघडतात. पूर आला की पाणी वरच्या दोन सांडव्यांतून झेपावतं; लोकांनी एकाला नर, दुसऱ्याला मादी म्हटलं. आत उभ्या माणसासमोर पाण्याचा पडदा असतो, कानठळ्या बसवणारा आवाज असतो आणि अंग कोरडं असतं. पाणी भिंतीला घासत उतरलं असतं तर सांधे केव्हाच खिळखिळे झाले असते. ते लांब फेकलं जातं म्हणून खोलीही सुरक्षित आणि भिंतही. चारशेहून अधिक पावसाळे या रचनेने पचवले आहेत.

दगड, राजकारण आणि पुरावशेष या तिन्ही अंगांनी हा किल्ला पाहणारा एक माणूस इथे राहून गेला. १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने कर्जापोटी काही जिल्हे इंग्रजांकडे सोपवले आणि नळदुर्गचा कारभार कॅप्टन मेडोज टेलरकडे आला. १८५७ पर्यंत तो इथे होता. आत्मचरित्रात तो किल्ल्याचं वर्णन थेट खडकापासून सुरू करतो: पुढे आलेलं पठार, तुटलेले कडे, त्यात मधूनच दिसणारी स्तंभासारखी रचना. मग तट, मग धरण. तुळजापूरही त्याच्या मनात इतकं भरलं की १८६३ ची त्याची ‘तारा’ ही कादंबरी तिथून सुरू होते. चांदबिबीवरच्या ‘अ नोबल क्वीन’मध्ये नळदुर्ग येतो.

टेलर कादंबरीकार म्हणून ओळखला जातो, पण त्याचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. नळदुर्गच्या आधी शोरापूरला असताना त्याने भीमाकाठी जेवर्गीजवळची महापाषाणयुगीन दफनं खणली आणि त्यांचे उभे छेद कागदावर काढले. कोणत्या खोलीवर हाडं, कोणत्या थरात भांडी, माती कुठे बदलते, सगळं. ज्या काळात अनेक जण फक्त वस्तू उपसून नेत होते, त्या काळात हे झालं. शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने त्या छेदचित्रांची मुद्दाम वाखाणणी केली. थर वाचणारी ही नजर कड्यावरही तेवढीच चालते आणि खड्ड्यातही.

टेलरला दिसलेल्या कड्याखाली हा पाषाण किती खोल जातो, याचा अंदाज या भागाला भीषण किमतीत मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंपाने हजारो माणसं गेली. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने नळदुर्गच्या ईशान्येला असलेल्या किल्लारीत खोल विंधन घेतलं. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक, असं ते निघालं.

नळदुर्ग आज राज्य संरक्षित स्मारक आहे. किल्ला पाहायला येणाऱ्याने उपळी बुरूज चढावा आणि तिथल्या लांबलचक तोफा पाहाव्यात, नवबुरुजाच्या नऊ पाकळ्या मोजाव्यात. पण तटाच्या कडेने जाताना नजर खालीही टाकावी. रचलेला दगड कुठे संपतो आणि मूळ कडा कुठे सुरू होतो, ही रेघ बऱ्याच ठिकाणी स्पष्ट सापडते. पाणी महालात उतरायचं तर ओल्या पायऱ्यांवर जपून, आणि शक्यतो गर्दीचा रविवार टाळून.