शस्त्रक्रियेनंतरचा पेहराव

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जाताना तपासण्यांचे अहवाल आणि विम्याची कागदपत्रे आठवणीने बरोबर घेतली जातात. घरी परतल्यावर अंगात काय घालावे, हा विचार मात्र मागे राहतो.

या शस्त्रक्रियेत बहुधा छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा तारेने जोडतात. ते जुळून येण्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे लागतात. डोक्यावरून घालावयाचा बनियन किंवा झब्बा चढवताना दोन्ही हात वर न्यावे लागतात व छातीवर ताण येतो. म्हणून पुढून उघडणारा सैल, सुती सदरा वा बंडी सोयीची. स्त्रियांसाठी पुढे बटणे असलेला गाऊन आणि पुढून लागणारी, आधार देणारी मऊ अंतर्वस्त्रे योग्य ठरतात. पायातील रक्तवाहिनी काढून घेतली असल्यास त्या पायाला सूज येऊ शकते. तेव्हा पायजमा ऐसपैस असावा. दाबाचे मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत.

आजारपणात माणूस लहानसहान गोष्टींसाठी परावलंबी होतो. अशा वेळी स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावता आली, तरी मनाला उभारी येते. तेव्हा कागदपत्रांच्या पिशवीतच असा एक सदरा घडी करून ठेवावा.