कागद कोणत्या कायद्याचा?

शासन निर्णय हातात आला की आपली नजर थेट खाली जाते: काय करायचे आणि कधीपर्यंत. वर 'वाचा' असे लिहून जुन्या कागदांची यादी दिलेली असते, ती कुणीच वाचत नाही. खरे तर साहेबांकडे अधिकार कुठून आला, हे तिथेच कळायला हवे. यादीत एखाद्या अधिनियमाचे कलम आहे, की नुसती परिपत्रकेच एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत? हा प्रश्न शाळेच्या परिपाठापर्यंत कसा पोचतो, ते केरळच्या एका खटल्यात फार स्वच्छ दिसते.

कोट्टायम जिल्ह्यातल्या किडंगूरच्या शाळेत तीन भावंडे शिकत होती, दहावीत, नववीत आणि पाचवीत. कुटुंब यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे. राष्ट्रगीत सुरू झाले की मुले सगळ्यांसारखी ताठ उभी राहत, फक्त म्हणत नसत. आपल्या धर्मात ते बसत नाही, अशी त्यांची श्रद्धा. शाळेची त्याला कधी हरकत नव्हती. जुलै 1985 मध्ये एका आमदारांच्या हे लक्षात आले, विधानसभेत प्रश्न गेला, चौकशी झाली. मुले कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा अनादर त्यांनी केलेला नाही, असा अहवाल आला. तरी शिक्षण उपनिरीक्षकांची सूचना निघालीच, आणि 26 जुलैला मुख्याध्यापिकांनी तिघांनाही शाळेतून काढले.

केरळ उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला, धर्मश्रद्धेला धक्का लावणारे त्यात काही सापडले नाही, आणि मुले हरली. ही चूक सहज होणारी आहे, म्हणून नीट बघावी. गीतात काय आहे, हा मुद्दाच नव्हता. 'बिजोय इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्याचा निकाल 11 ऑगस्ट 1986 रोजी देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का, हे पाहायचे नाही. ती मनापासून आणि प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढेच पाहायचे.

मग न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी कायदा शोधायला निघाले. राष्ट्रप्रतीकांच्या अपमानाबद्दलचा 1971 चा केंद्रीय कायदा होता. त्यात गुन्हा आहे तो मुद्दाम राष्ट्रगीत म्हणू न देण्याचा, किंवा म्हणणाऱ्यांच्या जमावात व्यत्यय आणण्याचा. गप्प उभे राहणारा यातले काहीच करत नाही. उरली शिक्षण खात्याची 1961 आणि 1970 ची दोन परिपत्रके, आणि त्यांना कोणत्याही कायद्याचे पाठबळ नव्हते.

इथे एक बारकावा आहे. प्रत्येक परिपत्रकामागे अधिनियम लागतोच असे नाही. ज्या विषयावर विधिमंडळाला कायदा करता येतो, त्यावर राज्य सरकारला एरवी नुसत्या आदेशानेही कारभार चालवता येतो. अनुच्छेद 162 तशी मुभा देते. पण मूलभूत हक्काला हात लावायचा असेल, तर ही मुभा पुरत नाही. अनुच्छेद 19 मधले भाषणस्वातंत्र्य, ज्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही आले, कायद्यानेच आवळता येते. अनुच्छेद 25 मधल्या धर्मस्वातंत्र्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा आहे, पण तीही खात्याच्या सूचनेतून घालता येत नाही. मुलांना परत शाळेत घ्या, असा आदेश झाला. या निकालातली सहिष्णुतेवरची वाक्ये लोक कौतुकाने सांगतात. मला मात्र हा रुक्ष, कारकुनी मुद्दाच जास्त कामाचा वाटतो.

विधिमंडळाचा कायदा असला म्हणजे झाले, असेही नाही. जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा मुंबई राज्याचा 1949 चा कायदा हेतूने चांगलाच होता. तरी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तो 1962 मध्ये घटनाबाह्य ठरवला. तो निकाल मला कधीच पटला नाही, आणि 2023 मध्ये न्यायालयानेही तो फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपवला.

नाशिकचे प्रकरण आपल्या जवळचे. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी एक शिक्षक हात जोडत नसत, म्हणून त्यांच्यावर कारवाई झाली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की हात जोडण्याची सक्ती शाळेला करता येणार नाही. इथे अनुच्छेद 28 चाही आधार होता: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती चालत नाही.

असा कागद आपल्या हाती पडलाच, तर लगेच रिट याचिकेपर्यंत जायला नको. माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागायचे एवढेच: या आदेशाला आधार असलेल्या अधिनियमाचे नाव, कलम आणि त्याची प्रत. उत्तराची मुदत तीस दिवसांची. उत्तरात पुन्हा एखादे परिपत्रकच आले, तर तेही जपून ठेवावे. वकील आधी तोच कागद मागतील.