गावाचं संकेतस्थळ, गावाच्याच हाती

शहापूरच्या माहुली गडावर येणाऱ्यांना मुक्कामाची माहिती हवी असते. मुरबाडच्या बचत गटाला आपला तांदूळ, पापड शहरात पोहोचवायचा असतो. दोघांनाही संकेतस्थळ उपयोगी पडेल. पण दर छोट्या बदलासाठी तंत्रज्ञाला पैसे मोजावे लागले, तर त्यावरची माहिती लवकरच शिळी होते.

यावर उपाय आहे मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, आशय-व्यवस्थापन प्रणालीचा (सीएमएस). ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जूमला (२००५) ही तिची प्रमुख उदाहरणं. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, रूप ‘थीम’ ठरवते. त्यामुळे मांडणीला धक्का न लावता फॉर्म भरावा तसा मजकूर बदलता येतो. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून प्रसिद्ध करायचं, असे अधिकारही वाटून देता येतात. वर्डप्रेस मराठीतूनही वापरता येतं.

तिन्ही प्रणाली जीपीएल परवान्याखाली मिळतात: वापरा, बदला, इतरांना द्या, परवाना शुल्क नाही. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण स्वीकारलं.

खर्च मात्र शून्य नसतो. डोमेन (संकेतस्थळाचं नाव) आणि होस्टिंग (ते ठेवायची सर्व्हरवरची जागा) यांचे पैसे भरत राहावे लागतात. डोमेन संस्थेच्याच नावावर घ्यावं. प्रणाली आणि प्लगइन (तिला जोडलेल्या जादा सोयी) वेळच्या वेळी अपडेट करावेत, नियमित बॅकअप घ्यावा. जुन्या प्लगइनमधून घुसखोरी सहज होते. फोटो लहान करून चढवावेत, म्हणजे रेंज कमी असली तरी मोबाइलवर पान उघडेल.

डोळखांब, टोकावडे, किन्हवलीसारख्या गावांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी हे शिकून घेतलं, तर गावाची माहिती गावातली माणसंच ताजी ठेवतील.