पंप उघडण्याआधी

"एअर घेतली."

लातूर-नांदेड रस्त्यावर जुनी गाडी धापा टाकत कडेला लागली की ड्रायव्हरच्या तोंडून पहिल्यांदा हेच निघतं. टाकी अर्धी भरलेली असते. गाडीखाली वाकून पाहिलं तर डिझेलचा थेंबही सांडलेला नसतो. बॅटरी ठणठणीत असते, सेल मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. डिझेल आहे, फक्त ते जिथं पोचायला हवं तिथं पोचत नाही. जुन्या ट्रकच्या या दुखण्याची नस ओळखणारी माणसं या रस्त्यावर अजून आहेत, आणि त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहावं असं मला कित्येक वर्षांपासून वाटत होतं. आमच्या घरात बारा-तेरा वर्षं टाटाचा एक १२१० ट्रक होता. त्या गाडीने मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं या एका तक्रारीभोवती फिरतं.

लातूर ही आडतीची आणि डाळमिलांची पेठ. पण मिरजेहून लातूरला येणारी बार्शी लाइट रेल्वे होती अडीच फुटी. मुंबईकडे जाणारा माल कुर्डूवाडीला उतरवायचा आणि मोठ्या लाइनच्या डब्यात पुन्हा चढवायचा. हा दुहेरी खटाटोप टाळायचा तर ट्रक हवा. तूर, करडई, सरकी आणि पुढे सोयाबीन, सगळं ट्रकवर चढलं. तिकडे नांदेडला हुजूर साहिब. गुरुद्वाऱ्यात माथा टेकून पुढच्या वाटेला लागणारे पंजाबी ड्रायव्हर तिथल्या गॅरेजांना नवे नाहीत. त्यामुळे या पट्ट्यातल्या गॅरेजात मराठी, दखनी आणि पंजाबी अशी मिसळलेली बोली ऐकू येते. हाताखाली शिकणारा तो पोऱ्या, शिकवणारा तो उस्ताद, आणि गाडी कुणाचीही असो, गाडीसोबत आलेला माणूस तो मालक.

माझ्या लहानपणी या रस्त्यावरची ओळखीची गाडी म्हणजे टाटाची. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला, जाळीवरचा बेंझचा तारा गेला आणि तिथं टाटांचं 'टी' आलं. इंजिनाचा वंश मात्र तोच राहिला. मिस्त्री '६९२' आणि '६९७' म्हणतात ती याच घराण्यातली इंजिनं. आकड्यांचा अर्थ सरळ आहे: ६ सिलिंडर, आणि सिलिंडरचा व्यास ९२ किंवा ९७ मिलिमीटर. मला हा अर्थ एका मिस्त्रीने पत्र्यावर खिळ्याने आकडे ओढून समजावला होता.

त्या इंजिनाच्या कुशीला वीतभर उंचीची, अॅल्युमिनियमची एक पेटी असते. तिच्या माथ्यावरून सहा पोलादी नळ्या निघतात आणि सहा सिलिंडरांकडे जातात. हा फ्युएल पंप. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती लालबुंद तापावी, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा धुरळा उडवायचा. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चाललं, पण त्याला डिझेल आत फुंकायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे. ते धूड रस्त्यावरच्या गाडीत बसणार कसं? रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२२ च्या अखेरीस छोट्या पंपावर काम सुरू केलं आणि १९२७ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. ट्रक डिझेलवर आला तो या पेटीमुळे. आपल्याकडे असे पंप बनवणारी मायको १९५१ साली बंगळूरला स्थापन झाली. तिचा नोझलचा कारखाना नाशिकला झाला आणि नाशिकच्या एका चौकाला मायको सर्कल हे नाव चिकटलं. २००८ मध्ये कंपनीने बॉश हे नाव घेतलं, तरी नांदेडच्या दुकानात आजही "मायकोचा पंप" असंच म्हणतात.

पंपाच्या पोटात सहा एलिमेंट असतात. एलिमेंट म्हणजे एक बारीक पोलादी दांडा आणि तो ज्यात वरखाली होतो ती नळी, प्लंजर आणि बॅरल. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. मध्ये रबर नाही, रिंग नाही. घासून घासून जोडी जमवलेली असते, म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालायचा नाही. वंगणही वेगळं नाही, आतलं डिझेल हेच वंगण. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर पंप १२०० घेतो, म्हणजे एकेक प्लंजर सेकंदाला २० वेळा उसळतो आणि दर उसळीला एक-दीड थेंब डिझेल सिलिंडरवरच्या नोझलकडे ढकलतो. नोझल उघडतो दोनशे किलोच्या आसपासच्या दाबाला. प्लंजरच्या अंगावर एक तिरका काप असतो. अॅक्सिलरेटर दाबला की प्लंजर किंचित वळतो, कापाची जागा बदलते आणि थेंब लहानमोठा होतो. इतकं नाजूक काम धुळीने भरलेल्या, खड्ड्यांतून धावणाऱ्या, दहा-दहा टन माल लादलेल्या गाडीत वर्षानुवर्षं चालतं. मला आजही त्याचं नवल वाटतं.

एवढ्या घट्ट व्यवस्थेत हवेचा बुडबुडा शिरला की सगळं संपतं. डिझेल दाबलं तर लगेच नोझलपर्यंत धक्का पोचतो. हवा दाबली तर ती फक्त आकसते. प्लंजर मुकाट्याने वरखाली होत राहतो, दाब दोनशेला जातच नाही आणि नोझल उघडत नाही.

मग हवा शिरते कुठून? हे कळलं की निम्मी विद्या हाताला लागली असं समजावं. फ्युएल पंपाला डिझेल पुरवणारा एक छोटा फीड पंप असतो. टाकीपासून त्याच्यापर्यंत डिझेल ओढलं जातं. फीड पंपाच्या पुढे ते ढकललं जातं. ढकलणाऱ्या बाजूला भेग पडली तर डिझेल बाहेर येतं, हाताला ओलं लागतं, धूळ चिकटून काळा डाग पडतो. ओढणाऱ्या बाजूला भेग पडली तर बाहेर काहीच येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. रबरी पाइपाला सुरकुतीएवढी चीर, नटाखालचा तांब्याचा वायसर दबून कडक झालेला, फीड पंपाच्या काचेच्या वाटीची रिंग सुकलेली, एवढं पुरे. अशी गाडी चालती असताना एकवेळ निभावते. रात्रभर उभी राहिली की नळीतलं डिझेल उतरून टाकीत परत जातं आणि सकाळी बॅटरी बसेपर्यंत सेल मारावा लागतो. मराठवाड्यातली थंडी डिझेल गोठवण्याएवढी नसते. सकाळी गाडी धरत नसेल तर थंडीला बोल न लावता आधी पाइप बघावा.

चांगला मिस्त्री म्हणूनच टाकीपासून सुरुवात करतो. आधी विचारतो, कधी बंद पडते? रिकामी बरी चालते आणि भरली की चढावर दम तोडते, तर फिल्टर चोंदलेत. या गाड्यांना दोन फिल्टर असतात, पहिला कापडी आणि दुसरा कागदी; दोन्हींच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. झटके खात चालते तर हवा. एकाच लयीत फटका चुकतो, ज्याला मिसिंग म्हणतात, तर एखादा नोझल. हे तपासायची रीत देखणी आहे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करत जायचा. नट ढिला केला आणि आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. इंजिन ऑइलची काडी काढून बोटावर वास घ्यायचा. ऑइल वाढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर फीड पंप किंवा एलिमेंट आतल्या आत गळतंय. धूर पांढरा असेल तर डिझेल न जळता चाललंय, काळा असेल तर जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय.

तरीही उलगडा झाला नाही तर डबा. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा बोनेटपेक्षा उंच टांगायचा आणि त्याची नळी थेट फीड पंपाला जोडायची. गाडी सुरळीत चालली तर दोष फीड पंपाच्या मागे आहे. टाकी, जाळी, पाइप सोडून पुढचं काही उघडायची गरज नाही. पाच मिनिटांत अर्धी गाडी निर्दोष सुटते.

हे सगळं मी इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. आमची १२१० लातूरहून निघाली की ठणठणीत चालायची आणि शिरूर ताजबंदच्या आसपास गळाठायची. दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली की पुन्हा सुरू. वडिलांनी ती एका गॅरेजात नेली. तिथं थेट पंप खोलला. एलिमेंट बदलले, नोझल बदलले, बिल झालं. तिसऱ्या खेपेला गाडी त्याच जागी उभी. शेवटी ती कशीबशी नांदेडला पोचली आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीने वडिलांना दोनच गोष्टी विचारल्या: किती किलोमीटरवर बंद पडते, आणि किती वेळाने सुरू होते. उत्तर ऐकून तो पंपाकडे गेलाच नाही. म्हणाला, "मालक, पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचं झाकण ढिलं करा. आवाज येतो का ते ऐका."

झाकण फिरवलं तेव्हा टाकीने दीर्घ श्वास आत ओढला, तो आवाज मला अजून आठवतो. डिझेल जाईल तशी त्या जागी हवा यायला झाकणाला बारीक भोक असतं. ते धूळ आणि ग्रीसने बुजलं होतं. टाकीत पोकळी वाढत जायची आणि फीड पंपाला डिझेल ओढवेना. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा झिरपायची आणि गाडी सुरू व्हायची. वडिलांनी दाभणाने भोक मोकळं केलं. पण खोललेला पंप पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. त्याच्यावरचं शिसाचं सील गेलं होतं, माप बिघडलं होतं, आणि गाडी विकेपर्यंत काळा धूर टाकत जास्त डिझेल पीत राहिली.

पंप खोलायचाच झाला तर तो इंजिनवाल्या मिस्त्रीने खोलू नये. पंपवाला मिस्त्री वेगळा असतो आणि त्याची खोलीही वेगळी, काचा बंद, उंबऱ्याबाहेर चपला. बाहेर ग्रीस आणि घणाचा आवाज, आत दवाखान्याची शांतता. मधोमध टेस्ट बेंच. त्यावर पंप बसवून मोटरने फिरवतात आणि समोरच्या मापाच्या काचनळ्यांत सहाही एलिमेंटचं डिझेल पडू देतात. सहा नळ्यांतली पातळी एका रेषेत यायला हवी. एखादी वर, एखादी खाली असेल तर तेवढ्या एलिमेंटची मात्रा जुळवायची. फेऱ्यात कुणाची पाळी कधी, तेही बघतात. सहा एलिमेंट म्हणजे दोघांत ६० अंशांचं अंतर, आणि क्रम १-५-३-६-२-४. हा क्रम पोऱ्यांना पाढ्यासारखा पाठ असतो. नोझल तपासायला हातदांड्याचा छोटा पंप असतो. दांडा दाबला की चांगला नोझल किर्र आवाज करत धुक्यासारखा फवारा सोडतो आणि झटक्यात मिटतो. वाईट नोझल पिचकारी मारतो किंवा टोकाला थेंब धरून राहतो. त्या फवाऱ्यासमोर बोट न्यायचं नाही, हे पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात. ती धार कातडी भेदून आत जाते आणि बोट गमवावं लागू शकतं. पुसायला चिंधीही चालत नाही, कारण तिचा धागा सुटतो. भाग धुवायचे स्वच्छ डिझेलमध्ये आणि ओलेच बसवायचे.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं. या गाड्यांतल्या कॉमन रेल पद्धतीत दाब दीड हजार बारच्या पुढे जातो आणि दोष आधी स्कॅनरच्या पडद्यावर दिसतो. सहा नळ्यांची पेटी नव्या ट्रकवर उरली नाही. जुन्या गाड्या मात्र आहेत. लांब पल्ल्यावरून उतरल्या की त्यांच्यावर पाण्याची टाकी चढते, नाहीतर हंगामात ऊस आणि मुरूम. उन्हाळ्यात टँकर म्हणून दिवसरात्र राबायचं आणि मग चार महिने बांधावर उभं राहायचं, हे डिझेलच्या लाइनला सगळ्यात वाईट. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी सुटतं, तळाला गंज धरतो, रबर सुकतं. कुणी रॉकेल मिसळलं तर प्लंजरचं वंगणच जातं. गाडी उभी करायची असेल तर टाकी भरून करावी, आणि सुरू करण्याआधी तळाचा नट उघडून तांब्याभर काढून टाकावं. एवढं केलं तर पंप वाचतो.

गेल्या पावसाळ्यात लोह्याजवळ असाच एक टँकर कडेला उभा दिसला, म्हणून थांबलो. मिस्त्री मोटारसायकलवर आला होता, सोबत पंधरा-सोळा वर्षांचा पोऱ्या. जुने तांब्याचे वायसर मिस्त्रीने तारेत ओवले, स्टोच्या जाळावर लाल केले आणि पाण्यात टाकले. तांबं असं केलं की पुन्हा मऊ पडतं आणि नटाखाली नीट बसतं. चिरलेल्या रबरी पाइपाच्या जागी त्याने हातभर पारदर्शक नळी लावली. पोऱ्या फीड पंपाचा हातपंप मारू लागला. फिल्टरच्या स्क्रूतून आधी फेस आला, मग थुंकल्यासारखं अर्धं हवा अर्धं डिझेल, मग सलग धार. स्क्रू आवळला. पंपाचा स्क्रू उघडला, तिथंही तेच. मग नोझलचे नट ढिले करून सेल मारला, एकेका नटातून डिझेल उसळलं तसतसा मिस्त्री तो आवळत गेला. चौथ्या नटाला इंजिनाने धरलं.

ड्रायव्हर केबिनमध्ये चढायला निघाला, पण मिस्त्रीने हाताने थांबवलं. तो आणि पोऱ्या बोनेटवर वाकून त्या नळीकडे बघत होते. मोहरीएवढा एक बुडबुडा सरकत गेला. बऱ्याच वेळाने आणखी एक. मिस्त्रीने टाकीकडचा नट पाव आटा आवळला आणि दोघं पुन्हा बघत राहिले, नळीतून नुसतं डिझेल जाईपर्यंत.