हिपॅटायटिस सी : निदान झाले, पुढे काय?

आपले नायगाव घ्या, की नांदेड-लातूरकडचे दुसरे कोणतेही गाव घ्या. एखादी जयंती आली की तेथे रक्तदानाचे शिबिर भरते आणि तरुण मुले रांगा लावून रक्त देतात. समजा, अशाच एका शिबिरात विशी-बाविशीच्या मुलाने रक्त दिले आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून त्याला बोलावणे आले : 'तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सीची खूण दिसते, पुढची तपासणी करून घ्या.' मुलाला काही दुखत नाही, खुपत नाही. परंतु त्या रात्री त्याला झोप लागत नाही. मी आता मरणार काय? हे मला झाले कशाने? आणि घरी सांगू कसे? या तीन प्रश्नांचाच आज आपण विचार करू.

कावीळ म्हटली की दूषित पाणी आणि उघड्यावरचे अन्न आपल्याला आठवते. ते खरेच आहे. पण ती 'ए' आणि 'ई' या विषाणूंची कावीळ. 'सी' हा विषाणू रक्तातून रक्तात जातो आणि यकृतात घर करतो. बहुधा डोळेही पिवळे होत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागत नाही. लागण झालेल्या 100 माणसांपैकी सुमारे 30 जणांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांतच त्याला आपण होऊन हुसकावून लावते. बाकीच्यांत तो ठाण मांडतो; आणि उपचार न झाल्यास अशा 100 जणांपैकी 15 ते 30 जणांचे यकृत वीसेक वर्षांत आकसून निबर होते.

रक्तपेढीची पहिली तपासणी बहुधा एवढेच सांगते की हा विषाणू शरीरात कधीतरी येऊन गेला. पावलांचे ठसे दिसले म्हणजे चोर अजून घरात आहे असे नव्हे. तो आहे की नाही, हे दुसऱ्या तपासणीने कळते, तिला आर.एन.ए. तपासणी म्हणतात. ती होईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये.

आणि विषाणू सापडलाच, तर? 1989 साली तो ओळखू आला. तो शोधणाऱ्या व त्याचे स्वरूप उलगडणाऱ्या आल्टर, हॉटन आणि राइस या तिघा शास्त्रज्ञांना 2020 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वीचे उपचार वर्षभर टोचण्याचे, आणि तरीही बेभरवशाचे होते. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर ही गोळी आली. तेथे एका गोळीची किंमत 1000 डॉलर होती! पुढे तीच औषधे आपल्या देशातील कारखाने अत्यल्प दरात करू लागले. 28 जुलै 2018 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. सोफोसबुविरच्या जोडीला डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर, रोज तोंडाने घ्यायचे, बहुतेकांना 12 आठवडे म्हणजे 84 दिवस. 100 पैकी 95 किंवा त्याहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : मरण्याचे कारण नाही, दिरंगाई करण्याचे मात्र मुळीच नाही.

दुसरा प्रश्न : झाले कशाने? आपल्याकडे साध्या तापालाही सुई टोचल्याशिवाय गुण आला असे वाटत नाही. एकीच सुई अनेकांना वापरली गेली असेल, जत्रेत गोंदवून घेतले असेल, वस्तऱ्याचे पाते दुसऱ्याचे असेल, नशेची सुई वाटून घेतली असेल, क्वचित जन्मतः आईकडून आले असेल. या शतकाच्या आरंभापर्यंत रक्तपेढ्यांत ही तपासणी सक्तीची नव्हती, म्हणून जुन्या काळी चढवलेल्या रक्तातूनही ती झाली. अमिताभ बच्चन यांना 1982 च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून लागण झाली आणि ती कित्येक वर्षांनी उमगली, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्यांचा विषाणू 'बी' होता. पण वाट तीच आणि लपून राहणेही तेच. पुष्कळदा कारण सापडतच नाही. म्हणून मुलाच्या चारित्र्याची उलटतपासणी घरच्यांनी करू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. बातमी कळताच घरात ताट-तांब्या वेगळा होतो, अंथरूण ओसरीवर जाते. हे अज्ञान आहे. एका ताटात जेवल्याने, पाणी प्यायल्याने, जवळ घेतल्याने, खोकल्याने हा रोग लागत नाही. मुलाने सरळ सांगावे, 'माय, माझं ताट वेगळं करू नकोस. फक्त माझा वस्तरा, दात घासायचा ब्रश अन् नखं काढायचं यंत्र कुणी घेऊ नका.' पथ्य एवढेच. लग्न ठरले असेल तर लपवू नये. आधी उपचार पुरा करावा आणि मग निश्चिंत मनाने बोहल्यावर चढावे.

आता करावयाचे काय? जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या कार्यक्रमाची चौकशी करावी. यकृताची अवस्था, तसेच हिपॅटायटिस बी आणि एच.आय.व्ही. यांची तपासणी उपचारापूर्वीच व्हावी. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. पित्ताच्या गोळ्या आणि घरचे काढेसुद्धा. मुलगी गरोदर असेल तर तेही सांगावे. दारू वर्ज्य. काविळीच्या मुळ्या बांधण्यात महिने घालवू नयेत. बरे वाटते म्हणून मधेच गोळी सोडू नये.

औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आर.एन.ए. तपासणी होते. तीत विषाणू नसला म्हणजे रोग गेला. मात्र पावलांचे ठसे रक्तात राहतात. पुढे नोकरीच्या वेळी पहिली तपासणी पुन्हा होकारार्थी येईल, म्हणून तो शेवटचा कागद दहावीच्या प्रमाणपत्राइतका जपून ठेवावा. रक्तदान पुन्हा करता येणार नाही. आणि या रोगाला लस नसल्याने दूषित सुईपासून जन्मभर सावध राहावे लागेल.

शिबिरात दुसऱ्याचा जीव वाचवावा म्हणून जो मुलगा हात पुढे करतो, त्याच्याच हाती असा कागद पडला, तर त्या हाताला धरून त्याला दवाखान्यापर्यंत नेणे हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे. ते आपण करावे, एवढीच विनंती.