घरच्या छायाचित्रांची सूची लवकर कशी व्हावी?



भोरच्या राजवाड्यापुढें उभें राहून काढलेलें कुटुंबाचें छायाचित्र, राजगडाच्या संजीवनी माचीवरील सहल, भाटघर धरणाच्या कांठचें वनभोजन – भोर व वेल्हे या भागाशीं नातें असलेल्या घरांत अशा चित्रांचा मोठा सांठा झालेला असतो. तो परक्याच्या हवालीं न करतां घरच्याच संगणकावर ठेवावा, असें अनेकांस वाटतें. आणि इम्मिचसारख्या विनामूल्य प्रणालींनीं तें साध्यहि झालें आहे. परंतु एक लाख चित्रें आंत घालून हवें तें चित्र शोधूं लागावें, तर तें सांपडत नाहीं. कारण सूची अद्यापि पुरी झालेली नसते.

ही सूची करतांना यंत्र प्रथम चित्राची तारीख व स्थळ वाचतें, मग लहान प्रत काढतें, आणि त्या प्रतीवरून आशय व चेहरे टिपतें. एका चित्रास २ सेकंद लागले, तर लाख चित्रांस ५५ तासांहून अधिक लागतात. अर्ध्या सेकंदांत भागलें, तर १४ तास पुरतात. हा दीड सेकंद वांचवावयाचा कोठें?

पहिली अडचण हार्ड डिस्कची. तिच्या फिरत्या तबकडीवर वाचणारें टोंक लहानसहान नोंदींसाठीं सारखें इकडून तिकडे धांवतें, आणि तोंवर प्रोसेसर रिकामा बसतो. म्हणून मूळ चित्रें तेथेंच राहूं द्यावीं. सूचीचा डेटाबेस व लहान प्रती मात्र एसएसडीवर ठेवाव्या.

दुसरी गोष्ट कामांच्या गर्दीची. अरुंद कोठींत दहा माणसें शिरलीं, तर तीं एकमेकांच्या पायांत येतात. एका वेळीं चालणारीं कामें एकेक करून वाढवावीं, आणि वेग वाढेनासा झाला कीं थांबावें. लहान प्रती पुऱ्या होईपर्यंत आशय व चेहरे टिपण्याचें काम रोखून धरावें. पुढें तें घरांतील अधिक समर्थ संगणकाकडे सोंपवितां येतें.

तिसरी गोष्ट भाषेची. ‘धुक्यांतला किल्ला’ असें मराठींत शोधावयाचें असेल, तर मराठी जाणणारें बहुभाषिक मॉडेल आरंभींच निवडावें. मागाहून तें बदललें, तर आशय टिपण्याचें काम लाखहि चित्रांवर पुन्हा करावें लागतें.

परंतु सर्वांत मोठी बचत क्रमांत आहे. सारा सांठा एकदम ओतूं नये. जुन्या अल्बमांतील शेंदोनशें चित्रें आधीं घालावीं. त्यांवरून यंत्राचा वेग कळतो, आणि चुकाहि लवकर दिसतात. भोर संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. त्यापूर्वींचें चित्र स्कॅन केलें, तर त्यावर बहुधा स्कॅन केल्याचीच तारीख पडते. ती हातानें सुधारावी लागते.

यंत्र सारख्या चेहऱ्यांचे गट पाडील. पण फेटा बांधलेले हे गृहस्थ कोण, हें त्यास ठाऊक नसतें. तें सांगणारीं वडील माणसें आज घरांत आहेत. उरलेलें लाखाचें काम यंत्र रात्रींबेरात्रीं करीत राहील. आपण मात्र पहिल्या शेंदोनशें चित्रांची सूची होतांच आजीला पडद्यापुढें बसवावें, आणि ती सांगेल तीं नांवें लिहून घ्यावीं. घाई करावयाची ती याचसाठीं.